मांडव्याहून परतताना बोट किती आपटेल? पाच प्रकारच्या बुडांची तुलना

मुंबईत बोट घ्यायला निघालेला माणूस ट्रायल बहुतेक सकाळी आठ-नऊला घेतो. पाणी गुळगुळीत, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पडत आलेला. अशा वेळी कुठलंही बूड चांगलंच वाटतं. बोटीचा स्वभाव कळतो तो रविवारी दुपारी चारला, मांडव्याहून गेटवेकडे नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वळवल्यावर. म्हणून ही तुलना त्या परतीच्या प्रवासावर बेतली आहे. डोळ्यांसमोर आहेत २२ ते २८ फुटांच्या, घरच्यांना घेऊन जाण्याजोग्या बोटी. फक्त घारापुरीपर्यंत जाणार असाल तर यातल्या निम्म्या चिंता तुम्हाला लागू नाहीत.

आधी पाणी बघू

गेटवे ते मांडवा सरळ रेषेत १३-१४ किलोमीटर, म्हणजे साधारण सव्वासात नॉटिकल मैल. दिशा दक्षिणेची, किंचित पूर्वेला झुकलेली. पहिले चार-पाच किलोमीटर कुलाब्याच्या जमिनीचा आडोसा असतो. कुलाब्याच्या टोकापुढचं प्राँग्सचं दीपगृह मागे पडलं की पश्चिमेकडची लांब लाट थेट उजव्या बगलेवर येते. पावसाळा सोडला तर बहुतेक दिवशी दुपारी वायव्येचा वारा धरतो. मार्च-एप्रिलमध्ये तो १५ नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) सहज चढतो. जाताना हा वारा मागच्या उजव्या कोपऱ्यातून ढकलतो, त्यामुळे जाताना सगळे खूश. परतताना तोच वारा नाळेच्या डाव्या अंगावर आणि लांब लाट डाव्या बगलेवर.

त्यात ओहोटी लागली असेल तर बंदरातलं पाणी वाऱ्याच्या तोंडावर बाहेर धावतं आणि लाटा आखूड, उभ्या होतात. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो बराच कमी असतो, आणि पाण्याची ओढही. म्हणून तीच बोट, तोच वारा, पण अष्टमीला प्रवास सुखाचा आणि पौर्णिमेला दात वाजवणारा, असं होतं. बोटीला शिव्या घालण्याआधी तिथी बघावी.

हिवाळ्यात आणखी एक गंमत असते. आखातात ‘शामल’ नावाचा वारा सुटतो आणि त्याच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतात, वायव्येकडूनच, साधारण ६ ते ८ सेकंदांच्या अंतराने. मुंबईत पान हलत नसतानाही प्राँग्सच्या पुढे बोट का डोलते, याचं हे एक कारण. इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजात लाटेची उंची आणि लांब लाट वेगवेगळी दिलेली असते. दोन्ही आकडे बघावेत, नुसता वारा बघून निघू नये.

आता या पाण्याचा हिशोब. दुपारच्या वाऱ्याने उठणारी तीन सेकंदांची लाट सुमारे १४ मीटर लांब असते आणि स्वतः ९ नॉटने पळते. तुम्ही २० नॉटने तिच्यावर जात असाल तर जवळजवळ दर सेकंदाला एक लाट बुडाखाली येते. १२ नॉटवर तेच अंतर सव्वा सेकंदाच्या पुढे जातं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्या वेळात नाळ खाली बसते आणि पुढची लाट फाडायला तयार होते. तेवढा वेळ मिळाला नाही तर ती हवेतून थेट पुढच्या लाटेच्या पाठीवर पडते.

आपट कशाने ठरते

बुडाचा मधला कणा, ज्याला जुने सुतार पठाण म्हणतात, तिथून तळ दोन्ही बाजूंना वर चढत जातो. आडव्या रेषेशी त्या चढाचा जो कोन होतो त्याला डेडराइज म्हणतात. जाहिरातीत सांगितला जातो तो मागच्या फळीपाशी, म्हणजे ट्रान्समपाशी मोजलेला. सपाट बुडात तो शून्य ते दहा अंश, मॉडिफाइड-व्हीमध्ये साधारण १२ ते १८, आणि डीप-व्हीमध्ये २० ते २४.

कोन वाढला की आपट कमी होते, हे सगळेच सांगतात. किती कमी होते ते कोणी सांगत नाही. सॅवित्स्की आणि ब्राऊन या अभ्यासकांनी १९७६ मध्ये मांडलेलं सूत्र वेगात पाण्यावर उचलल्या जाऊन सरकणाऱ्या बोटींसाठी आजही वापरलं जातं. त्यात आकडे घातले तर १४ अंशांवरून २२ अंशांवर गेल्यास दणक्याचा जोर सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. त्याच सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणजे २० नॉटवरून १६ वर आलात की ३६ टक्के सूट, फुकटात. नाळ किती वर उचलली आहे याचाही सरळ हिशोब आहे: पाच अंशांवरून साडेतीनवर आणली की ३० टक्के कमी.

बोट विकणाऱ्याला न आवडणारं सत्य यातून निघतं. मॉडिफाइड-व्ही चालवणारा शहाणा माणूस डीप-व्ही चालवणाऱ्या उतावळ्यापेक्षा पाहुण्यांना जास्त आरामात आणतो. गेटवे-मांडवा २० नॉटने २२ मिनिटांचं, १३ नॉटने ३४ मिनिटांचं. बारा मिनिटांचा सौदा आहे.

सूत्रातल्या आणखी दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होतं. एक, वजन: बोट जड तेवढी कमी उसळते. दोन, रुंदी: तेवढ्याच वजनाची बोट रुंद असेल तर जास्त आपटते. कोळीवाड्यातली लांबट, अरुंद फायबरची होडी माफक इंजिनावर लाटेतून इतकी सहज का जाते, त्याचं उत्तर इथे आहे. तिचा डेडराइज फार नसतो. याउलट शोरूममधली बसायला ऐसपैस, २४ फूट लांब आणि पावणेनऊ फूट रुंद बोट ही मुळात बैठकीची खोली आहे. तिच्यावर ‘डीप-व्ही’ असं लिहिलं म्हणून ती अरुंद होत नाही.

डीप-व्ही

१९६० मध्ये मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात झाली आणि रे हंट यांच्या आराखड्यावर बांधलेली ३१ फुटी ‘मॉपी’ ती जिंकली. नाळेपासून मागच्या फळीपर्यंत कोन जवळजवळ सारखाच ठेवायचा, ही त्यातली कल्पना. त्याआधीच्या वेगवान बोटी पुढे टोकदार आणि मागे सपाट असत. लाटेवरून सुटल्या की मागचा सपाट भाग आपटायचा आणि मागून लाट आली की नाळ रुतून बोट आडवी व्हायची.

परतीच्या वाटेवर समोरच्या लाटेत एका बुडाच्या बोटींमध्ये डीप-व्हीला तोड नाही. मांडव्याकडे जाताना मागून लाट असतानाही ती सरळ चालते. किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली इंजिनात: तेवढंच वजन पाण्यावर उचलायला जास्त ताकद लागते. दोन टनांच्या २४ फुटी बोटीत जिथे मॉडिफाइड-व्ही १५० हॉर्सपॉवरवर निभावते, तिथे डीप-व्हीला २००-२५० लागते, आणि पेट्रोल त्या मानाने. दुसरी, वेग कमी करण्यात: वर ज्या १३ नॉटचं कौतुक केलं त्या वेगाला डीप-व्ही पाण्यावर टिकतेच असं नाही. १५-१६ च्या खाली आली की मागचा भाग खाली बसतो, नाळ आकाशाकडे जाते आणि पुढचं काही दिसत नाही. यावर उपाय ट्रिम टॅबचा, म्हणजे ट्रान्समच्या खालच्या कडेला बसवलेल्या दोन हलत्या पट्ट्यांचा. खवळलेल्या पाण्यात डीप-व्ही टॅबशिवाय अर्धी आहे.

तिसरी किंमत थांबल्यावर. नांगर टाकून जेवायला बसलात किंवा गळ टाकून वाहत राहिलात की डीप-व्ही बगलेच्या लाटेवर झोकांड्या खाते. चार माणसं एका बाजूला फोटो काढायला सरकली तरी ती वाकते. ती उलटणार नसते, पण आजीला ते पटवणं अवघड जातं.

एक बारकावा डीप-व्हीवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. बाजूने वारा असला की व्ही बुडाची बोट वाऱ्याच्या दिशेला झुकते, कारण नाळ वाऱ्यावर धरून ठेवायला आपण सतत सुकाणू फिरवत असतो. परतताना वारा डावीकडून, म्हणजे बोट डावीकडे झुकणार. ती आठ अंश झुकली तर डाव्या बाजूचा २२ अंशांचा तळ लाटेसाठी १४ अंशांचाच उरतो. तुम्ही डीप-व्हीचे पैसे देऊन मॉडिफाइड-व्हीत बसला आहात. झुकलेल्या बाजूचा, म्हणजे डावा टॅब थोडा खाली करा, बोट सरळ होईल आणि दणके लगेच मऊ होतील. पुष्कळ जण टॅब फक्त नाळ खाली आणायला वापरतात आणि मग ‘बोट खराब निघाली’ म्हणतात.

मॉडिफाइड-व्ही

पुढे टोकदार, मागे १२ ते १८ अंश. बाजारातल्या बहुतेक फॅमिली बोटी याच. पेट्रोल कमी खाते, ११-१२ नॉटलाही पाण्यावर राहते, थांबल्यावर कमी डोलते. दुपारी चारला समोरच्या लाटेत २० नॉटने दामटलीत तर मणके मोजून घ्या. १३-१४ नॉटने, नाळ खाली धरून आणलीत तर घरी तक्रार होणार नाही.

यातही १२ आणि १८ अंशांत खूप अंतर आहे. मुंबईसाठी एकच बोट घ्यायची, माणसं सहा ते आठ, मांडवा-अलिबागची वारी आणि कधी तरी खांदेरीपर्यंत, असा हिशोब असेल तर १८ ते २० अंशांची, लांबीच्या मानाने अरुंद आणि वजनाला भारी बोट शोधावी. २४ अंशांचं बूड खुल्या समुद्रात रोज जाणाऱ्यासाठी. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याच्या खिशाला ते जड होतं. हे आमचं मत, डीप-व्हीचे भक्त भांडतील.

हिचा खरा दोष मागून येणाऱ्या लाटेत दिसतो. जाताना ९-१० नॉटने रमतगमत निघालात आणि लाटही ९ नॉटची असली, तर बोट लाटेच्या उतारावरच बसून राहते. टोकदार नाळ समोरच्या लाटेत रुतते, मागचा रुंद सपाट भाग उचलला जातो, आणि बोट नाळेवर गिरकी घेऊन आडवी होऊ बघते. याला कारण बहुतेक वेळा विसरलेले टॅब असतात: गेल्या परतीला खाली केलेले, तसेच राहिलेले. लाट मागून असली की टॅब पूर्ण वर, इंजिनाचा खालचा भाग थोडा बाहेर झुकवलेला, पुढे बसलेल्यांना मागे बोलवा आणि वेग लाटेपेक्षा स्पष्ट जास्त किंवा स्पष्ट कमी ठेवा.

सपाट बूड आणि ट्राय-हल

सपाट बूड खाडीचं. रेवस, धरमतर, करंजा, वर्सोव्याची खाडी, ओहोटीला जिथे गुडघाभर पाणी आणि खाली चिखल, तिथे सपाट बुडाची बोट रुळते. चिखलावर बसली तरी सरळ बसते. डीप-व्ही तिथे एका कुशीवर कलंडते आणि भरती येईपर्यंत तुम्ही तिरके.

ट्राय-हलमध्ये मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे कणे असतात. १९५८ मध्ये आलेली १३ फुटी बॉस्टन व्हेलर या घराण्यातली प्रसिद्ध बोट, आणि तिच्या आराखड्यामागेही तेच रे हंट. ज्या माणसाने खवळलेल्या पाण्यासाठी डीप-व्ही घडवली, त्यानेच थांबल्यावर पाटासारखी स्थिर राहणारी ही बोट घडवली. दोन वेगळी कामं होती म्हणून दोन वेगळी बुडं केली. एकच बूड सगळीकडे चालेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

फूटभर लाटेपर्यंत ट्राय-हल मजेत जाते. त्यापुढे तिन्ही कण्यांच्या मधल्या पोकळीत पाणी कोंडतं आणि थापट्या बसायला लागतात. प्राँग्सच्या पुढे दुपारी ही बोट नको. मुलांना घारापुरीला न्यायला, मोठ्या बोटीपासून किनाऱ्यापर्यंत ने-आण करायला किंवा खाडीत गळ टाकायला बेलाशक घ्या.

कॅटमरान

गेटवे-मांडवा मार्गावर कॅटमरान फेऱ्या वर्षानुवर्षं चालतात. त्यांत बसून ‘कॅट किती मऊ चालते’ असं वाटून २६ फुटी कॅट घ्यायला निघालेले बरेच भेटतात. इथे सावध व्हावं. कॅटचं सगळं गणित दोन बुडांच्या मधल्या बोगद्याच्या उंचीवर असतं. मोठ्या फेरीबोटीचा बोगदा त्या लाटेच्या बराच वर असतो, २६ फुटीचा नसतो.

बोगदा पुरेसा उंच असेल आणि बोट हलकी ठेवली असेल, तर १५ ते १८ नॉटला समोरच्या लाटेत कॅट डीप-व्हीपेक्षाही मऊ जाते. दोन अरुंद बुडं पाणी कापतात, मध्ये हवा दबते, आपट जवळजवळ नाही. थांबल्यावर डोलणं नाही, त्यामुळे गळ टाकणाऱ्यांची ती लाडकी. आणि इंजिनं दोन. मुंबईच्या बंदरात हा मुद्दा लहान नाही: प्लॅस्टिकची पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर बसून किंवा तुटलेल्या जाळ्याचा दोर पंख्यात गुंतून एक इंजिन बंद पडलं, तर दुसऱ्यावर घरी येता येतं.

आता बिघडतं कुठे ते. माणसं, बर्फाची पेटी, डिझेल, पाणी, जेवणाचे डबे असं सगळं भरल्यावर बूड खाली बसतं आणि बोगद्याचं छत लाटेच्या हाताशी येतं. मग वेग कमी केलात की लाट छताला खालून थापट मारते. हा दणका व्हीच्या दणक्यापेक्षा वाईट, कारण छत सपाट असतं. बोटीत पूर्ण भार घालून धक्क्याला बांधा आणि पुढच्या बाजूने बोगद्याची पाण्यापासूनची उंची टेपने मोजा. ज्या लाटेत नेहमी जाणार तिच्या निम्मीही उंची भरत नसेल तर ती बोट तुमच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट, नाळेच्या डाव्या अंगावर येणारी आपली परतीची लाट. तिच्यात डावं बूड आधी उचललं जातं, उजवं नंतर, आणि बोट पिळवटल्यासारखी चालते. बगलेच्या आखूड लाटेवर झोके मोठे नसतात पण झटके असतात, चहाचा कप टिकत नाही. काहींना याची सवय होते, काहींना वर्षभराने होत नाही.

तसं बघितलं तर आपल्या कोकणच्या होडीची उलांडी, म्हणजे बाजूला दूर बांधलेला लाकडी आधार, हे याच विचाराचं देशी रूप. बूड अरुंद ठेवायचं, पण आधार दूरवर टेकवायचा.

गोल बुडाची लाँच

मचव्याच्या घराण्यातली लाकडी किंवा फायबरची लाँच पाण्यावर सरकत नाही, पाण्यातून जाते. तिच्या वेगाला निसर्गाची मर्यादा आहे: पाण्यातल्या लांबीच्या (फुटांत) वर्गमुळाला १.३४ ने गुणा, तेवढे नॉट. ३६ फुटांना आठ नॉट, बस्स. मोठं इंजिन टाकलंत तर फक्त लाटा जास्त उठतात आणि डिझेल जळतं. मांडव्याला तासभर लागणार हे धरूनच चाला.

आपट नाही, पण डोलणं आहे. आणि इथे निवड शरीराच्या कुठल्या भागाला त्रास द्यायचा याची आहे. माणसाला सगळ्यात जास्त मळमळवणारी हालचाल साधारण पाच-सहा सेकंदांना एक, या तालाची असते. वेगवान बोट सेकंदाला एक दणका देते, त्याने कंबर धरते पण ओकारी येत नाही. लाँच बगलेच्या लांब लाटेवर संथ झुलते, तिथे कंबर शाबूत पण जेवण बाहेर.

लाँच बघायला गेलात तर एक सोपी परीक्षा करा. शांत पाण्यात दोर सैल सोडून दोन माणसांनी काठावर तालात जोर देऊन बोट डोलवायची, मग सोडायची. डावीकडून उजवीकडे जाऊन परत डावीकडे, हा एक हेलकावा. चार-पाच हेलकाव्यांचा वेळ घेऊन सरासरी काढा. सेकंदांचा आकडा बोटीच्या मीटरमधल्या रुंदीइतका किंवा त्याहून कमी आला तर स्थिरता साधारण ठीक. तीन मीटर रुंद लाँच पाच सेकंद घेत असेल तर ती झुलते छान, पण वर वजन जास्त आहे. छतावर नंतर बसवलेला डेक, टाकी, जनरेटर शोधा, बहुतेक सापडतो.

मापं घेताना

विकणारा सांगेल तो कोन वहीत लिहा, मग स्वतः मोजा. बोट ट्रेलरवर किंवा जमिनीवर असताना ट्रान्समपासून हातभर पुढे, तळाच्या सपाट पट्टीवर मोबाइल टेकवा आणि कोन दाखवणारं अ‍ॅप बघा. तळावरच्या उंचवट्याच्या धारेवर टेकवू नका. डावी-उजवी दोन्ही मापं घेऊन सरासरी काढा, म्हणजे ट्रेलर तिरका असला तरी फरक पडत नाही. अ‍ॅपवर विश्वास नसेल तर पातळी आणि पट्टी घ्या: कण्यापासून आडवं ६० सेंटीमीटर गेल्यावर तळ २४ सेंटीमीटर वर चढला असेल तर २२ अंश, साडेएकोणीस असेल तर १८, तेरा असेल तर १२. ‘डीप-व्ही’ म्हणून दाखवलेल्या बोटीत अठराच निघाले तर आश्चर्य नको. त्यांनी नाळेकडचा कोन सांगितलेला असतो.

मग बैठक बघा. त्याच सूत्रानुसार नाळेपाशी बसणारा २० नॉटला बोटीच्या मध्यापेक्षा दीडपट ते दुप्पट दणका खातो. पुढे गुबगुबीत सोफा असलेली बोट फोटोत देखणी असते. दुपारी त्या सोफ्यावर कोणालाही बसू देऊ नका. पाठीची हाडं मोडतात ती तिथे. मागच्या तिसऱ्या हिश्श्यात जितक्या जास्त जागा, तितकी बोट कामाची.

ट्रायल मागायची ती दुपारी तीननंतरची, शक्यतो उधाणाच्या ओहोटीला. डीलर टाळाटाळ करेल, दुसरा दिवस मागा. बोटीत खरा भार हवा. सहा माणसं जमत नसतील तर २० लिटरचे वीस कॅन पाणी भरून ठेवा, ४०० किलो झाले. प्राँग्सच्या पुढे जाऊन चार दिशांना चालवा: लाट समोर, लाट डाव्या नाळेवर, बगलेवर, मागून. प्रत्येक दिशेला १०, १४, १८ आणि २२ नॉट, दोन-दोन मिनिटं. कुठल्या वेगाला बोट पाण्यावरून खाली बसते तो आकडा लिहून ठेवा. तो १२ च्या जितका जवळ, तितकी वाईट दिवशी ती बोट तुमच्या हातात राहील. मग इंजिन बंद करा आणि बगलेवर लाट घेत दहा मिनिटं नुसते वाहत राहा. घरच्यांपैकी ज्यांना गाडीत मळमळतं, त्यांना या ट्रायलला नक्की न्या.

जुनी बोट असेल तर ट्रायलनंतर लगेच, पाणी सुकायच्या आत, फळ्या उचलून आत टॉर्च मारा. सततच्या आपटीने पहिलं सुटतं ते आतल्या लांब आधारपट्ट्यांचं तळाशी असलेलं फायबरचं जोडकाम. तिथे पांढरी रेघ दिसली किंवा नखाने कड उचलली गेली तर समजा. बाहेरून तळ आणि बाजू मिळतात त्या कडेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे शोधा. ट्रान्सम रुपयाच्या नाण्याने वाजवत जा: टणक आवाज चांगला, बोदा आवाज आला तर आतलं लाकूड पाणी प्यायलं आहे. इंधनाच्या टाकीला हात लावून हलवून बघा. ट्रायलच्या आधी बिल्ज, म्हणजे तळातली पाणी साचायची जागा, कोरडं करून ठेवलं होतं आणि आता त्यात पाणी दिसतंय, तर बोट शांत पाण्यात आणखी अर्धा तास उभी ठेवून पुन्हा मोजा. शांत पाण्यात वाढत नसेल तर ती गळती बहुधा फक्त आपटताना उघडणारी आहे.